पितळेचा कीस

सान होझेत मी एकतीस वर्षं कुलपं बसवली.
लोकांची घरं मला उंबऱ्यापर्यंतच ठाऊक.
गुडघा टेकायचा, जुनं काढायचं, नवं बसवायचं,
तीन किल्ल्या हातात द्यायच्या, निघायचं.
शेरीफचा माणूस सोबत असला
की मजुरी दीडपट, आणि कुणाकडे बघायचं नाही.
रात्री इदालिना गॅलरीत माझ्या बाह्या झटकायची.
पितळेचा कीस खालच्या बाईच्या पुदिन्यावर पडायचा.
ती कधी बोलली नाही.

मग आमचं भाडं वाढलं.
एकदम नाही. दाढ दुखते तसं,
थांबून थांबून.
दर वेळी पत्राच्या वर "प्रिय श्री. फ्रागा".
प्रिय या शब्दाला मी तेव्हापासून भितो.

इदालिनानं फोनवर फोटो दाखवला :
इनिड, ओक्लाहोमा. तीन खोल्या, मागं अंगण,
किंमत इथल्या नुसत्या गॅरेजएवढी.
म्हटलं, असं काही नसतं.
ती म्हणाली, असतं.
फक्त तिथं आपण नसतो.

ट्रक ठरवायला गेलो तेव्हा कळलं,
राज्याबाहेर न्यायचं भाडं तिप्पट,
आत आणायचं जवळजवळ फुकट.
"परत कुणी आणतच नाही," काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
"सगळे ट्रक तिकडेच साचलेत."

मारिसा आली नाही.
चौघीजणी, एक स्वयंपाकघर,
फ्रिजच्या कप्प्यांवर चिकटवलेली नावं.
जाता जाता तिच्या खोलीला चांगलं कुलूप बसवलं.
किती झाले, तिनं थट्टेनं विचारलं.
मी आकडा सांगितला.
दोघंही हसलो नाही.

चंबूगबाळं भरून झालं तेव्हा खालची बाई जिना चढून आली.
हातात पुदिन्याची कुंडी.
"तुमचंच आहे बरंचसं," एवढंच म्हणाली.
नीडल्स, किंगमन, टुकुमकारी,
कुंडी इदालिनाच्या पायांत.
ऊन काचेतून आत आलं
की माती चमकायची.

घर विकणारा वर्लन स्टकी, वय ऐंशीच्या पुढं.
किल्ली मागितली तर आपले खिसे चाचपत राहिला.
"होती बहुतेक. बायको गेली त्याच्या आधी."
पन्नास वर्षं दार नुसतं लोटून घेत होते.
त्या रात्री मी चारदा उठलो,
दाराला खुर्ची लावली, काढली, लावली.
बाहेर वारा होता. नुसता वारा,
आणि धान्याच्या कोठारांवरचे दिवे.

पेंतेकोस्तच्या रविवारी इदालिनानं सूप केलं.
चाळीस माणसांचं पातेलं, माणसं दोन.
पाव, गोमांस, वर तो पुदिना.
स्टकीला डबा पाठवला.
त्यानं डबा धुऊन परत दिला आणि म्हणाला,
"नातवाला इथं घर मिळेना झालंय. किमती बघा."
रागानं नाही. हवापाण्याबद्दल बोलावं तसं.

जूनमध्ये पहिलं मोठं काम आलं, दोन गल्ल्या पलीकडं.
सोबत शेरीफचा माणूस.
नवा मालक फ्रेस्नोचा. घर त्यानं पाहिलेलंही नाही,
अशी चार घेतलीत म्हणे.
पायरीवर ट्रेसा नावाची बाई,
गादी उभी धरून, तिला टेकून.
मी गुडघा टेकला.
"तुम्ही कुठले?" तिनं विचारलं.
खोटं बोलता आलं असतं. एल पासो म्हणता आलं असतं.
"सान होझे."
"वाटलंच," ती म्हणाली,
आणि गादी दुसऱ्या हातात घेतली.

तीन किल्ल्या शेरीफच्या माणसाला दिल्या.
मजुरी घेतली. दीडपट नाही, इथं तसा रिवाज नाही.

रात्री इदालिनानं अंगणात बाह्या झटकल्या.
इथं खाली कुणी राहत नाही.
कीस वाऱ्यानं कुठं नेला, दिसलं नाही.

आमच्या दाराला अजून कुलूप नाही.
माप घेऊन ठेवलंय.